आधी सूप, मग महोत्सव : पोर्तुगालच्या नगराध्यक्षांना खुलं पत्र

प्रति,
पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील २७८ नगरपालिकांचे अध्यक्ष आणि अध्यक्षा यांस,

सन्माननीय महोदय, महोदया,

ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत तुम्ही निवडून आलात, त्याबद्दल अभिनंदन. आता चार वर्षं तुमच्या हातात आहेत आणि शाळांच्या स्वयंपाकघरांच्या किल्ल्याही तुमच्याच हातात आहेत. लहान मुलांच्या शाळांचं जेवण नगरपालिका पूर्वीपासूनच बघत होत्या. १ एप्रिल २०२२ पासून मोठ्या मुलांच्या शाळाही तुमच्याकडे आल्या. म्हणून हे पत्र आरोग्य खात्याला किंवा कृषिमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. अझोरिश आणि मदैरा बेटांचा कारभार वेगळा चालतो, त्यामुळे तिथल्या तीस नगराध्यक्षांना या वेळी सूट.

मी मूळची वसईची. तेजू नदीच्या दक्षिण काठावर, लिस्बनच्या समोरच्या बाजूला राहते, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेत जेवतात. या पत्राची पोर्तुगीज प्रत तुमच्या कार्यालयांकडे जातेच आहे. मराठीत ते इथे देते, कारण लिस्बन आणि पोर्तूमध्ये आता मराठी घरं दिसू लागली आहेत, गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली कुटुंबं तर कितीतरी. त्यांचीही मुलं याच कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या, आहाराचा वारसा पोर्तुगीज लोकांमध्ये टिकवायचा असेल, तर तो शाळेच्या सुपापासून टिकवायला घ्या. महोत्सव नंतर करा, किंवा सोबत करा, पण सुपाच्या ऐवजी करू नका.

मराठी वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते; तुम्हाला ती पाठ असेल. हा आहार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० साली स्पेन, इटली, ग्रीस आणि मोरोक्को यांच्या नावाने आला. ४ डिसेंबर २०१३ ला बाकूच्या बैठकीत सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल त्यात जोडले गेले. प्रत्येक देशाने आपलं एखादं गाव किंवा परिसर पुढे केला होता. पोर्तुगालने दक्षिण टोकाच्या अल्गार्व प्रांतातलं ताविरा केलं. आता गंमत अशी की पोर्तुगालला भूमध्य समुद्राचा किनाराच नाही. इकडून तिकडून सगळा अटलांटिक. पण उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, गहू-द्राक्ष-ऑलिव्ह हे तिन्ही जमिनीत, अंजीर आणि बदाम बांधावर, लसूण आणि कोथिंबीर खलबत्त्यात. भूगोलाचे अभ्यासक ऑर्लांदू रिबैरू यांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात हा देश भूमध्य आणि अटलांटिक अशा दोन्ही जगांचा कसा आहे ते मांडलं होतं, आणि ते स्वयंपाकघरात आजही दिसतं. उत्तरेकडे मिन्यूत मक्याची भाकरीवजा ब्रोआ, डुकराचं मांस, बटाटा आणि हिरवी कोबीची पानं. दक्षिणेला गव्हाचा पाव, हरभरा, ऑलिव्ह तेल. शहाणपणाने बोलायचं तर हा आहार सगळ्या पोर्तुगालचा सारखा नाही. सगळ्या पोर्तुगालची एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे जेवणाआधीचं सूप.

युनेस्कोने यादीत घातल्या त्या पाककृती नव्हेत. पेरणं, कापणं, मासे धरणं, टिकवणं, रांधणं आणि सोबत बसून खाणं, ही सगळी साखळी त्यांनी वारसा म्हणून नोंदवली. ताविराच्या आसपास ही साखळी अजून डोळ्यांनी बघता येते. सांता लुझियाचे कोळी ऑक्टोपस धरायला मातीची मडकी वापरत आले. दोरीला ओवून समुद्रात सोडायची, ऑक्टोपस घर समजून आत शिरतो. मिठागरं आहेत, त्यांच्यावर तरंगणारं फुलमीठ हाताने काढतात. सुकवलेला ट्यूना आहे, मक्याचं पीठ शिजवून त्यात शिंपल्या घातलेलं शेरें आहे. मी वसईची असल्यामुळे मिठागर बघितलं की पाय थांबतात. आमच्याकडची मिठागरं बुजत गेली, वाड्यांतली भाजी आणि केळी इमारतींखाली गेली, आणि उन्हात वाळवलेली सुकेळी करणारी घरं आता थोडीच उरली. १९८०च्या दशकाअखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा लोक रस्त्यावर आले ते पाणी आणि जमिनीसाठी. खाद्यसंस्कृती हा शब्द कोणी फारसा वापरला नव्हता, तरी वाचवायचं तेच होतं.

ताविरात दर सप्टेंबरला मेडिटेरेनियन आहाराचा महोत्सव भरतो. चांगला असतो, मला त्याची टिंगल करायची नाही. गाणी असतात, टोपल्या विणणारे असतात, अंजिराच्या आणि बदामाच्या मिठाया असतात. पण महोत्सव संपल्यावर सोमवारी शाळेत काय शिजतं, हा प्रश्न महोत्सवाच्या मंडपात विचारायला जागा नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर हे पत्र आजीच्या हातच्या चवीचं गुणगान वाटेल.

आमच्या वृद्धाश्रमातली बरीच माणसं आलेंतेजू या दक्षिणेतल्या शेतीच्या प्रांतातली आहेत. गेल्या शतकाच्या मध्यानंतर तिकडची भूक मागे टाकून बारैरूच्या रसायन कारखान्यांत आणि आल्मादाच्या गोदीत कामाला आलेली. त्यांना आसोर्दा फार प्रिय. लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, वर ऑलिव्ह तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, आणि पैसे असतील तर वर एक अंडं. आज लिस्बनच्या हॉटेलांत ही आसोर्दा कोळंबी घालून महाग विकतात. म्हातारी माणसं त्यावर हसतात. त्यांच्या लहानपणी अंडं विकायला जायचं, आणि एका सार्डिनचे तिघांत वाटे व्हायचे, डोकं कोणाला आणि शेपूट कोणाला यावरून भांडणं व्हायची. १९२९ साली लष्करी राजवटीने गव्हाची मोहीम काढली, आलेंतेजूच्या पातळ जमिनी उपसून गहू लावला, माती धुपून गेली आणि गहू पिकवणाऱ्या मजुराच्या घरात पावाची ददात राहिली ती राहिलीच. १९ मे १९५४ ला बालैझांवजवळ कापणीची मजुरी वाढवून मागायला गेलेल्या कातारीना एऊफेमिया या २६ वर्षांच्या शेतमजूर बाईला सरकारी दलाच्या अधिकाऱ्याने गोळी घातली. मेडिटेरेनियन आहाराच्या रंगीत पुस्तिकेत हे नाव असायला हवं, असं मला वाटतं. नसतं.

तेव्हा, जुने दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. जुन्या दिवसांत लोक कडधान्यं आणि पाला खात होते कारण मांस परवडत नव्हतं. अमेरिकेचे अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ पासून सात देशांत हृदयविकाराचा अभ्यास केला, त्यात पोर्तुगाल नव्हताच. इटली आणि ग्रीसमधली जी गावं त्यात होती तीही युद्धातून नुकती सावरणारी, काटकसरीने जगणारी होती. अडचण अशी आहे की गरिबीने शिकवलेला तो आहार शरीराला खरोखर मानवतो. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत, सुमारे साडेसात हजार लोकांवर, ऑलिव्ह तेल किंवा सुका मेवा वाढवलेल्या मेडिटेरेनियन आहाराने हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसलं. २०१३ चा तो अहवाल पद्धतीतल्या चुकांमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा तपासून छापावा लागला. निष्कर्ष थोडा सावध झाला, पण टिकला. आता प्रश्न एवढाच उरतो की भूक न परतता तो आहार कसा परतेल. ज्याच्याकडे पैसा आणि अधिकार आहे, त्यानेच याचं उत्तर द्यायचं असतं. म्हणजे तुम्ही.

आज ताटात काय आहे ते तुमच्याच देशाच्या सांख्यिकी संस्थेने मोजलं आहे. २०१६ ते २०२० या काळात देशात दर माणशी दररोज उपलब्ध असलेलं अन्न ४,००० किलोकॅलरींच्या वर होतं. सगळं पोटात जात नाही, वायाही जातं, पण दिशा कळते. पोर्तुगालचं अन्नचक्र, म्हणजे रोजच्या खाण्यात कशाचा किती वाटा असावा ते दाखवणारं चित्र, १९७७ पासून शाळेच्या भिंतीवर टांगलेलं आहे, २००३ मध्ये सुधारलं, २०१६ मध्ये त्याचं मेडिटेरेनियन रूपही निघालं. त्या चक्रात मांस, मासे आणि अंडी यांना ५ टक्के जागा आहे. प्रत्यक्षात देशात त्यांचा वाटा १७ टक्क्यांच्या घरात. कडधान्यांना चक्रात ४ टक्के जागा आहे; प्रत्यक्षात एक टक्कासुद्धा भरत नाही. ज्या देशात हरभरा, चवळी, पांढरा घेवडा आणि बाकला यांच्यावर पिढ्या जगल्या, तिथे ही अवस्था. ऑलिव्ह तेलाच्या नावाने आपण टाळ्या वाजवतो, पण खरी गळती कडधान्यांत आहे, आणि तिच्याविषयी कोणी फलक लावत नाही.

मुलांचं म्हणाल तर सहा ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये जादा वजनाचं प्रमाण २००८ मध्ये ३७.९ टक्के होतं. ते हळूहळू उतरत २०१९ मध्ये २९.७ वर आलं. मोठं यश होतं ते. २०२२ मध्ये पुन्हा ३१.९ झालं. महासाथीत मुलं घरात बसली हे खरं. तेवढ्याने सगळा हिशोब लागत नाही.

केंद्र सरकारने काही केलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. २००९ च्या कायद्याने पावातल्या मिठाला १०० ग्रॅममागे १.४ ग्रॅमची मर्यादा घातली, आणि पाव तरीही चविष्टच राहिला. २०१७ मध्ये गोड पेयांवर कर आला. त्याच वर्षी सरकारी कॅन्टीनमध्ये शाकाहारी पर्याय बंधनकारक झाला, ज्याचा फायदा माझ्या ओळखीच्या गुजराती आणि मराठी घरांनी भरपूर घेतला. २०१९ मध्ये मुलांना उद्देशून केलेल्या तेलकट-गोड पदार्थांच्या जाहिरातींवर बंधन आलं. ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने शाळेच्या उपाहारगृहातून तळलेले पदार्थ हद्दपार झाले, आणि त्या यादीत क्रोकेत व रिसॉल यांच्या शेजारी शामूसाही होता. शामूसा म्हणजे आपला समोसा, गोव्याच्या वाटेने इथे आलेला, आता इथल्या कॅफेत अगदी घरचा झालेला. सरकारी राजपत्रात बंदी येण्याइतका तो पोर्तुगीज झाला याचा मला थोडा अभिमानच वाटला.

या सगळ्या उपायांत एक साम्य आहे. बहुतेकांचं काम काहीतरी काढून घेणं हे आहे. मीठ काढा, साखर काढा, जाहिरात काढा, समोसा काढा. रिकाम्या झालेल्या जागेत काय वाढायचं, हे तुमच्या निविदेत ठरतं.

पोर्तुगीज शाळेचं जेवण कागदावर बघा. आधी सूप, मग मासा किंवा मांस आणि भाजी, सोबत पाव, शेवटी फळ, प्यायला पाणी. जगातल्या थोड्याच देशांत सरकारी शाळेत असं पूर्ण ताट मिळतं. मुलांकडून घेतली जाणारी किंमत कित्येक वर्षं १.४६ युरोवर स्थिर ठेवली गेली, गरीब घरांना त्यातही निम्मी किंवा पूर्ण माफी. हे सगळं बघून मी मुंबईतल्या मैत्रिणींना फुशारकीने फोटो पाठवले होते. आराखड्यात खोट नाही.

खोट शिजवण्यात आहे. माझ्या मुलांच्या शाळेत स्वयंपाकघर आहे, ओटा आहे, मोठी शेगडी आहे. जेवण मात्र दुसरीकडे शिजतं आणि डब्यांतून गाडीने येतं. सूप येतं ते गोठवलेल्या भाज्यांचं, एकसारखं वाटलेलं, रोज त्याच पोपटी-पिवळ्या रंगाचं. वर तेलाची धार नाही. सोमवारचं आणि गुरुवारचं सूप डोळे मिटून ओळखून दाखवा, असं मुलं एकमेकांना चॅलेंज देतात. मासा म्हणजे ब्रेडचा चुरा लावलेले चौकोन. ज्या देशात माणशी वर्षाला ५० किलोहून जास्त मासे खाल्ले जातात, युरोपीय संघात सर्वांत जास्त, तिथल्या मुलांना मासा चौकोनी असतो असं वाटायला लागलंय. कंत्राटदाराला मी दोष देत नाही. निविदेत सर्वांत कमी दराला काम मिळत असेल, तर कमी दरात जे बसतं तेच तो देणार.

सुपाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

आमच्या वृद्धाश्रमात दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा सूप असतं. कांदा, गाजर, थोडा बटाटा किंवा दुधीच्या जातीची कुर्जेत, लसूण, एवढं पाण्यात शिजवून घोटायचं. हा झाला पाया. मग त्यात काय पडतं यावर सूप ठरतं: बारीक चिरलेली कोबीची पानं, वॉटरक्रेसचा पाला, सलगमची कोवळी पानं, हिरव्या शेंगा, किंवा आदल्या रात्री भिजवलेला हरभरा आणि पालक. शेवटी विस्तव बंद करून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. मिन्यूचं काल्दू वेर्द याच घराण्यातलं, फक्त त्यात कोबीची पानं केसाएवढी बारीक चिरतात आणि चोरीसूची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, एखादी चकती टाकतात. आपल्याकडे आमटीचं जे स्थान, ते इथे सुपाचं: हाताशी जे असेल ते तिच्यात जातं, आणि ती झाली की जेवण झालं असं वाटतं.

या एका भांड्यात किती गोष्टी साधतात बघा. जे मूल पालेभाजी समोर दिसली तर तोंड फिरवतं, ते सुपातून दोन वाट्या भाजी घेतं. सुरुवातीला सूप पोटात गेलं की पुढचं मांस आपोआप कमी लागतं. कडधान्य खपवायला यापेक्षा सोपी जागा नाही. मीठ कमी करायचं तर लसूण आणि कोथिंबीर आहे. आणि पोर्तुगाल हा युरोपातला असा विरळा देश आहे जिथे मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या ढिगाने मिळतात, वसईकर बाईचं अर्धं घर इथेच लागतं. पक्षाघात हे इथल्या मृत्यूंचं मोठं कारण आहे, आणि त्यामागे मिठाचा हात आहे, हे तुमचे डॉक्टर कधीपासून सांगतात. आणि सूप स्वस्त आहे. हरभऱ्याचं पोतं गोठवलेल्या चौकोनांपेक्षा महाग पडतं असं मला कोणी हिशोबाने दाखवावं.

लागतं काय? भिजवायला आदली रात्र. चिरायला हात. चव बघायला एक माणूस, जो त्याच इमारतीत आहे आणि ज्याला मुलांची नावं माहीत आहेत. कंत्राटाच्या दरात न बसणाऱ्या गोष्टी नेमक्या याच आहेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१९ चा ३४ क्रमांकाचा कायदा सरकारी कॅन्टीनसाठी खरेदी करताना हंगामी, जवळचा, कमी अंतरावरून आलेला माल बघायला सांगतो. २०१८ पासून कौटुंबिक शेतीला कायदेशीर दर्जा आहे. म्हणजे मोंदेगूच्या खोऱ्यातला कारोलीनू तांदूळ घ्यायला तुम्हाला कोणी अडवत नाही. पोर्तुगीज माणूस भात युरोपात सर्वांत जास्त खातो, आणि रस शोषून घेणारा हा जाड दाणा त्याच्या टोमॅटोच्या भाताला नि माशाच्या भाताला हवा असतो; तरी शाळेत लांब मोकळा तांदूळच दिसतो. बांगड्यासारखा कवाला किंवा कारापाऊ हा मासा इथल्या बंदरांत उतरतो, स्वस्त असतो, तेलकट आणि पौष्टिक असतो. सार्डिनची स्थिती मध्यंतरी इतकी खालावली होती की २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी एकही सार्डिन पकडू नका असा सल्ला दिला. स्पेनसोबत मर्यादा पाळल्यावर साठा सावरला. सांगायचा अर्थ असा की समुद्रानेही एकाच माशावर प्रेम करू नका असं बजावलं आहे. बाकाल्यावबद्दल मी काही बोलत नाही. नॉर्वे-आइसलँडहून येणारा हा खारवलेला मासा पोर्तुगीजांचा कसा, यावर वाद घालणं म्हणजे मुंबईकराला बटाटा परदेशी आहे असं सांगण्यासारखं. ख्रिसमसच्या आदल्या रात्री उकडलेला बाकाल्याव, कोबी, बटाटा आणि वरून ऑलिव्ह तेल: त्या रात्री सगळा देश अन्नचक्राप्रमाणे जेवतो.

शाळेबाहेर बघितलं तर दोन-तीन गोष्टी तुमच्या अखत्यारीत येतात, त्या थोडक्यात मांडते. नगरपालिकेच्या मंडया एकामागून एक खाऊगल्ल्या होत आहेत; भाजी विकणारी बाई कोपऱ्यात जाते, मध्ये पर्यटकांसाठी उंच स्टुलं येतात. दुपारी कामगारांना सूप आणि दिवसाचं ताट वाढणाऱ्या तास्का भाडं न झेपून बंद पडतात. उपनगरांत काबो वेर्द या आफ्रिकेजवळच्या बेटांवरून आलेल्या लोकांनी रेल्वेच्या आणि महामार्गांच्या कडेला वर्षानुवर्षं मका आणि घेवडा लावला, त्या जागा बेकायदा म्हणून सपाट होतात आणि शेजारीच नगरपालिकेचं शहरी शेतीचं माहितीफलक असलेलं उद्यान उभं राहतं. आणि ज्या बाईला २०२५ सालच्या ८७० युरो किमान वेतनावर दीड तास बस-बोट-बस करून घरी पोचायचं आहे, तिला रात्री कडधान्य भिजवा असं आहारतज्ज्ञांनी सांगणं मला उद्धटपणाचं वाटतं. तिच्या मुलांना दुपारी नीट सूप मिळालं तर रात्री तिने काय केलं याची चौकशी करायची गरज पडणार नाही.

जमिनीचंही तेच. अल्गार्वचं कोरडवाहू फळझाडांचं रान, म्हणजे अंजीर, बदाम, ऑलिव्ह आणि कॅरोब, पावसाच्या पाण्यावर उभं होतं. आता तिथे अव्होकाडोच्या बागा आहेत, ताविराच्या आसपासही. आणि जानेवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे अल्गार्वच्या शेतीचं पाणी २५ टक्क्यांनी तोडायची वेळ आली. आलेंतेजूत अल्केव्हाच्या धरणाच्या पाण्यावर ऑलिव्हची झाडं कुंपणासारख्या दाट ओळींत लावलेली आहेत, बहुतेक स्पॅनिश आर्बेकीना, यंत्राने ओरबाडायला सोपी. तेल भरपूर निघतं. गालेगासारख्या जुन्या देशी जातीची झाडं मात्र उपटली गेली. परवाने देताना या गोष्टी तुमच्या टेबलावरून जातात.

आणि हे सगळं तोडायला-वेचायला कोण आहे? आलेंतेजूच्या किनाऱ्यावरच्या ओदेमीराच्या प्लास्टिकच्या मांडवांत रासबेरी तोडणारे हात नेपाळी, पंजाबी, बांगलादेशी आहेत. बेजाच्या ऑलिव्ह रानांतही तेच. २०१९ साली सरकारने ओदेमीराच्या शेतांवर कंटेनरसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यांना मुभा दिली. २०२१ च्या वसंतात कोविडमुळे तिथल्या दोन गावांना वेढा पडला तेव्हा एका खोलीत किती माणसं झोपतात हे देशाने पाहिलं. युनेस्कोच्या साखळीत कापणीही आहे आणि एकत्र बसून जेवणंही आहे. ज्यांच्याकडे धड चूल नाही त्या माणसांनी तोडलेल्या मालावर वारशाचा शिक्का मारणं मला जमत नाही. कातारीना एऊफेमियाच्या जिल्ह्यातल्या नगराध्यक्षांना तर हे मी सांगायलाच नको.

इथे राहणाऱ्या मराठी आईबाबांना दोन शब्द. आपल्यापैकी बरेच जण मुलांना डबा देतात, मीही सुरुवातीला देत होते. पोळीभाजी जरूर द्या, पण शाळेचं जेवण फक्त परक्यांचं आहे असं समजून त्याकडे पाठ फिरवू नका. पालक संघटनेच्या बैठकीला जा. भाषा येत नसेल तर शेजारच्या गोवेकर बाईला सोबत न्या, ती आनंदाने येईल. मेनूवर लिहिलेलं सूप आणि ताटातलं सूप एकच आहे का, एवढं विचारलं तरी सभेत शांतता पसरते.

महोदय, महोदया, तुमच्याकडून मला पुढच्या निविदेत या गोष्टी हव्या आहेत. ज्या शाळेत स्वयंपाकघर आहे तिथे निदान सूप तरी त्याच शाळेत शिजेल, ही अट. आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात भिजवून शिजवलेलं कडधान्य. शेवटी घालायचं तेल म्हणजे ऑलिव्ह तेल, हे लेखी. २०२३ मध्ये भाव चढल्यावर ४६ जिनसांवरचा कर काही महिने शून्य करावा लागला होता, त्यामुळे ही अट महाग आहे हे मला कळतं, पण धार लागते ती चमचाभर. गुण देताना किमतीचा वाटा निम्म्याहून कमी, आणि चवीच्या चाचणीला मुलं बसलेली. स्वयंपाकी बायांचे तास वाढवलेले, कारण चिरणं हे काम आहे. सगळ्या शाळांत एकदम जमणार नाही. एका शाळेपासून करा, आणि वर्षाअखेर परत आलेल्या ताटांतलं उष्टं तोलून आकडे जाहीर करा.

आमच्या नगरपालिकेत कॅन्टीनच्या कंत्राटाची मुदत शैक्षणिक वर्षासोबत संपते. त्याआधीच्या नगरसभेत नागरिकांना बोलायला जी काही मिनिटं मिळतात, त्यांत मी आणि आमच्या शाळेतल्या आणखी काही आया हेच मांडणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांची कंत्राटं अजून निघायची आहेत, त्यांनी मसुदा संकेतस्थळावर आधी टाकावा, म्हणजे त्यावर आम्हाला वेळेत लिहिता येईल.

आपली,
तेजूच्या दक्षिण काठावरची एक स्वयंपाकीण आणि पालक